शिष्यवृत्ती सीटला मिळते, नुसत्या गुणांना नाही

वाचकांचे प्रश्न

नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात मी २९ वर्षं काढली. खिडकीच्या आतल्या बाजूला. बाहेर रांगेत उभी असलेली मुलं बी.ई. झालेली, हुशार, आणि पैशाच्या बाबतीत अगदी भाबडी असायची. गुण चांगले आहेत म्हणजे पैसे आपोआप येतील, असं त्यांना वाटायचं. मासिकाकडे आलेल्या पत्रांतही मला तीच मुलं दिसतात, म्हणून उत्तरं सविस्तर देते आहे.

मॅडम, मी काटोलजवळच्या गावचा. गेट क्वालिफाय झालो आणि नागपूरच्या एका खासगी कॉलेजात स्ट्रक्चरच्या एम.टेक.ला प्रवेश घेतला. महिन्याला १२,४०० रुपये मिळतात असं ऐकून आलो होतो. चार महिने झाले, एक रुपया आला नाही. ऑफिसमध्ये विचारलं की "पोर्टलवर पेंडिंग दाखवते" एवढंच सांगतात. बाबांच्या संत्र्याचा बहार यंदा गळाला. खोलीचं भाडं मित्र भरतो आहे. सोडून घरी जाऊ का?

बाळा, सोडू नकोस. आधी हे पेंडिंग कुणाकडे आहे ते शोध.

गेट ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, आणि तिच्यावरची ही शिष्यवृत्ती एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, देते. पैसे कॉलेजच्या हातात येत नाहीत, सरळ तुझ्या खात्यात जमा होतात. पण त्याआधी कॉलेजला तीन कामं करावी लागतात. तुझा आयडी काढायचा, तू भरलेला अर्ज आणि कागद तपासून मंजूर करायचे, आणि मग दर महिन्याला तुझी हजेरी बघून पोर्टलवर होकार द्यायचा. यातलं कुठलंही एक राहिलं की पैसे थांबतात, आणि मुलाला कळवायला कुणी येत नाही. म्हणून ऑफिसमध्ये जाऊन "माझे पैसे कधी येतील" असं विचारू नकोस. विचार, "माझा अर्ज संस्थेकडून मंजूर झाला का? कोणत्या तारखेला? या महिन्याची हजेरी चढवली का?" हे प्रश्न लेखी दे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घे. आवक क्रमांक पडला की कागदाला पाय फुटतात, हे मी आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

आता तुझं बँक पासबुक काढ आणि पहिलं पान बघ. एकदा एका मुलानं माझ्यापुढे पासबुक ठेवलं होतं. खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं, कोपरे जराही दुमडलेले नाहीत. आत दोन नावं होती, वर वडिलांचं आणि खाली त्याचं. दहावीत असताना उघडलेलं संयुक्त खातं. या योजनेला संयुक्त खातं चालत नाही. व्यवहारावर मर्यादा असलेलं जनधन किंवा शून्य शिलकीचं खातंही चालत नाही. विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावाचं, आधारशी जोडलेलं साधं बचत खातं लागतं. त्या मुलाचे पाच महिने त्या एका पानापायी गेले होते आणि तो दर आठवड्याला येऊन मला "काही कळलं का मॅडम" एवढंच विचारत होता. पासबुक दाखव असं त्याला पहिल्याच दिवशी कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही.

दुसरा कागद जातीच्या दाखल्याचा. ओबीसी प्रवर्गाच्या कटऑफवर गेट क्वालिफाय झाला असशील तर नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र चालू तारखेचं हवं, आणि केंद्राच्या नमुन्यातलं हवं. आपल्याकडे तहसीलमधून राज्याच्या नमुन्यातलं मिळतं. तेच मुलं चढवतात आणि अर्ज परत येतो. काटोलला जाशील तेव्हा सेतूत "केंद्राचा नमुना" असं स्पष्ट सांगून काढ.

आणि तुझी सीट कोणती ते प्रवेशाच्या पत्रावर तपास. पूर्णवेळ अभ्यासक्रम, एआयसीटीईची मान्यता आणि प्रवेशाच्या दिवशी वैध असलेला गेट स्कोअर, या तिन्ही गोष्टी असल्या तरच ही रक्कम लागू होते. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. हे सगळं तुझ्याकडे असेल तर पैसे तुझे आहेत. २४ महिने किंवा अभ्यासक्रम संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर. बदल्यात विभाग तुझ्याकडून आठवड्याला आठ-दहा तास प्रयोगशाळेचं किंवा शिकवण्याचं काम घेऊ शकतो. ते मन लावून कर, कारण हजेरीवर सही करणारे तेच असतात.

एक ताकीदही देते. ही रक्कम घेत असताना दुसरीकडून निर्वाहाची शिष्यवृत्ती, विद्यावेतन किंवा पगार घेता येत नाही. एका मुलाला दोन्हीकडून मिळाले, त्यानं बहिणीच्या लग्नात खर्च केले, आणि पुढच्या वर्षी परत भरण्याचं पत्र आलं. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून तुला कुणीतरी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याबद्दल सांगेलच. योजना चांगली आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीच आहे, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज होतो. पण गेटची रक्कम चालू असताना तो मागू नकोस. तुझ्या वर्गात गेट नसलेली मुलं असतील, त्यांना मात्र आवर्जून सांग. त्यांना ठाऊक नसतं.

एक कबुली दिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. आमच्या विभागात एका वर्षी एका मुलीच्या हजेरीचा कागद विभागप्रमुखांच्या सहीसाठी गेला आणि तिथल्याच ट्रेमध्ये राहिला. आम्ही आठवण दिली नाही. पुढच्या महिन्याचाही कागद तसाच राहिला. तिनं दुसऱ्या सेमिस्टरला एम.टेक. सोडलं. पैसे नंतर मंजूर झाले, पण ती गेली होती. तिचं नाव मला अजून पाठ आहे. म्हणून तुला सांगते, ट्रेपर्यंत स्वतः जा.

आणि या रकमेविषयी माझं मत विचारशील तर ती फार तोकडी आहे. २०१४ च्या डिसेंबरात ती ८,००० वरून १२,४०० झाली आणि तिथेच थांबली. तेव्हाचं मेसचं बिल आणि आजचं यात केवढा फरक पडला आहे ते कुठल्याही मेसवाल्या मावशीला विचारावं. एम.टेक.च्या इतक्या जागा रिकाम्या का राहतात याची चर्चा करणाऱ्यांनी हा आकडा आधी बघायला हवा.

बुटीबोरीच्या कंपनीत नोकरी करतो. संध्याकाळच्या पार्ट-टाइम एम.टेक.ला गेटची शिष्यवृत्ती मिळेल का? एक जण म्हणाला, फुल-टाइमला नाव टाक, हजेरीचं बघून घेऊ.

पार्ट-टाइमला मिळत नाही. आणि त्या "बघून घेऊ" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. पगाराची नोंद पीएफमध्ये असते, आधार दोन्हीकडे एकच असतं. पकडले गेलात तर पैसे परत करावे लागतील आणि पदवीवरही बालंट येईल. त्यापेक्षा कंपनी फी भरते का ते एचआरला लेखी विचारा. काही कंपन्या भरतात, बदल्यात दोन-तीन वर्षांचा बाँड घेतात. बाँड सही करण्याआधी मधेच सोडल्यास किती भरावं लागेल तो आकडा वाचा.

मी मानेवाड्याला राहते. मुलीचं एम.टेक. यंदा संपतं, गेटही आहे. कॅम्पसमधून नोकरी मिळत असताना ती पीएच.डी. करायची म्हणते. घरात सगळे म्हणतात, तिशीपर्यंत शिकत बसणार, खर्च कोण करणार? मला तिच्या बाजूने बोलायचं आहे, पण मला यातलं काही माहीत नाही.

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बोलायला लागणारे आकडे देते.

अभियांत्रिकीत पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्याला फेलोशिप असली तर घरून पैसे द्यावे लागत नाहीत, उलट त्याला मिळतात. केंद्राच्या फेलोशिपचे दर १ जानेवारी २०२३ पासून वाढले. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर कामाचा आढावा होऊन ४२,०००. वसतिगृहात राहत नसेल तर वर घरभाडं भत्ता. एनआयटी, आयआयटीमध्ये संस्थेची फेलोशिप साधारण याच धर्तीवर असते. कॅम्पसमधल्या नोकरीचा पगार सांगणाऱ्या नातेवाइकांपुढे हा आकडा ठेवा, आणि त्या नोकरीत हातात किती येतात तेही विचारा.

पण पुन्हा तेच, सीट बघा. पीएच.डी.च्या जाहिरातीत जागांचे प्रकार असतात. संस्थेच्या फेलोशिपची जागा, प्रकल्पाच्या पैशातली जागा, नोकरदारांसाठीची, आणि स्वखर्चाची. चारही जणी एकाच प्रयोगशाळेत एकाच बाकावर बसतील, त्यांतल्या दोघींना पैसे मिळतील आणि दोघींना नाही. प्रवेश मिळाल्याच्या आनंदात मुली स्वखर्चाची जागा घेतात आणि "पुढे फेलोशिपमध्ये बदलून देऊ" या तोंडी शब्दावर दोन वर्षं काढतात. तसं पत्र हातात नसेल तर तो शब्द धरू नका.

नागपूरकरांना यात एक सोय आहे. दक्षिण अंबाझरी रस्त्यावर आपलं व्हीएनआयटी आहे. १९६० साली ते विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज म्हणून सुरू झालं, जुनी माणसं अजून व्हीआरसीईच म्हणतात. २००२ पासून ते एनआयटी आहे. नेहरू मार्गावर नीरी आहे. पाणी, हवा, कचरा, सांडपाणी या विषयांत काम करायचं असेल तर १९५८ पासूनची ही राष्ट्रीय प्रयोगशाळा गावातच आहे. स्थापत्य, रसायन, पर्यावरण अभियांत्रिकीच्या मुलींना मी तिथल्या प्रकल्पांच्या जाहिराती नेहमी वाचायला सांगत असे. प्रकल्पाच्या जागेचं एक लक्षात ठेवावं लागतं. प्रकल्पाची मुदत संपली की पगार संपतो, तुमचा प्रबंध कुठे पोचला आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारायचं, "सर, प्रकल्पाचे किती महिने उरलेत? त्यानंतर काय?" मुलींना हे विचारायला संकोच वाटतो. विचारायलाच हवं. चांगला मार्गदर्शक याचं उत्तर देतो, आणि जो रागावतो त्याच्याकडे पाच वर्षं काढणं तसंही अवघड.

याशिवाय राज्याच्या संस्था आहेत. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी, आदिवासी उमेदवारांसाठी टीआरटीआय. या तिन्ही पुण्याच्या. त्यांच्या पीएच.डी. फेलोशिप विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात नोंदणी केलेल्यांना फार उपयोगी पडतात, कारण तिथे संस्थेची स्वतःची फेलोशिप बहुधा नसते. जाहिरात वर्षातून कधी निघेल याचा नेम नाही आणि मुदत थोडी असते. नोंदणीपत्र, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला आणि मार्गदर्शकांचं पत्र एका फाइलमध्ये आधीच लावून ठेवायचं. जात वैधता मिळायला लागणारा वेळ तुम्हाला ठाऊक असेलच.

मुलीचा विषय इलेक्ट्रॉनिक्स किंवा आयटी असेल तर केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची विश्वेश्वरय्या पीएच.डी. योजनाही बघा. ती ठरावीक संस्थांतून चालते, म्हणून संस्थेच्या डीन कार्यालयात चौकशी करावी लागेल.

एक खरं सांगायला हवं. फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं नाही. दोन-तीन महिने अडकून मग एकदम येते, असं मी वर्षानुवर्षं पाहिलं. तेव्हा पहिल्या वर्षी तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. घरच्यांना मदत करायची असेल तर ती ही करावी. तिशीचा हिशेब करून काय होणार आहे?

प्रतापनगरात माझं घर आहे, वीज कंपनीतून निवृत्त झालो. मुलाला अमेरिकेत मेकॅनिकलमध्ये एम.एस. करायचं आहे. दोन वर्षांचा खर्च पन्नास लाखांच्या घरात सांगतात. कन्सल्टंट म्हणतो, घर तारण ठेवून तीस लाख काढा, बाकीचं असिस्टंटशिप तिथे गेल्यावर मिळतेच. काय करू?

भाऊसाहेब, "मिळतेच" हा शब्द ज्यानं वापरला त्याच्याकडून तो लिहून घ्या बरं. देणार नाही.

तिथलं गणित असं आहे. टीचिंग असिस्टंट किंवा रिसर्च असिस्टंट झालं की फी माफ किंवा कमी होते आणि वर विद्यावेतन मिळतं. पण विभाग हा पैसा आधी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवर खर्च करतो, कारण ते चार-पाच वर्षं राहून काम पुढे नेतात. दोन वर्षांच्या एम.एस.वाल्याला उरलं तर मिळतं. मिळतं, नाही असं नाही. एखाद्या प्राध्यापकाला सीएफडी (संगणकावर प्रवाहांचं गणित) किंवा मटेरियल टेस्टिंग येणारा मुलगा हवाच असतो. पण त्यावर घर लावू नये. आणि सत्र चालू असताना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. ग्रंथालयात किंवा कॅन्टीनमध्ये तेवढे तास करून जेवणखाण सुटेल, फी सुटणार नाही.

आता कर्जाचा हिशेब कागदावर मांडू. समजा तीस लाख दहा टक्क्यांनी घेतले. शिक्षणाची दोन वर्षं आणि त्यावर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली तर तीन वर्षांत सरळव्याजाने नऊ लाख चढतात. टप्प्याटप्प्यानं उचलली तर कमी. एकोणचाळीस लाखांची फेड दहा वर्षांत करायची तर महिना साधारण साडेएक्कावन्न हजारांचा हप्ता. अमेरिकेत नोकरी लागली तर हा हप्ता सहज जातो. परत यावं लागलं तर तो नागपूर-पुण्याच्या पगारातून जायचा आहे, आणि तुमच्या पेन्शनमधून. मुलाला हा कागद दाखवा. त्याच्यापासून लपवू नका. बापाच्या घराचा आकडा मुलाला माहीत असला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पीएम-विद्यालक्ष्मीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली ही योजना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज देते, पण ती देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे. परदेशासाठी नाही. हे कन्सल्टंट सांगत नाहीत. कर्ज घ्यायचंच ठरलं तर व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत.

माझा सल्ला विचाराल तर मुलाला तीन गोष्टी करायला सांगा. त्याला संशोधनाची आवड खरोखर असेल तर काही ठिकाणी थेट पीएच.डी.ला अर्ज करू दे. तिथल्या अभियांत्रिकी विभागांत ती जागा बहुधा पैशासकट येते. अशा पैशासह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुदत तिथल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी मान्य केली आहे, तेव्हा कुणी फेब्रुवारीत घाई केली तर घाबरायचं कारण नाही. दुसरं, जर्मनी बघू दे. मेकॅनिकलसाठी तो देश मुळीच दुय्यम नाही. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो लागतात आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानंही आता फी लावली आहे. राहण्याखाण्यासाठी वर्षाचे सुमारे बारा हजार युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी दाखवावे लागतात. ते पैसे तुमच्याच मुलाचे, महिन्याला थोडे थोडे मिळतात. तिसरं, युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेतल्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही आणि महिना १,४०० युरो हातात. स्पर्धा मोठी आहे, पण अर्ज करायला घर तारण ठेवावं लागत नाही.

घर शेवटी ठेवा, भाऊसाहेब. आधी या तिन्ही दारांवर मुलाला जाऊन येऊ द्या.

कामठीहून लिहितो आहे. परदेशात एम.एस.साठी अर्धी फी विद्यापीठानं माफ केली. उरलेल्यासाठी मी ट्रस्टकडे अर्ज करायचं म्हटलं तर बाबा रागावले. ते निवृत्त शिक्षक आहेत. "दानाच्या पैशावर शिकायचं नाही, कर्ज काढू" म्हणतात. त्यांना कसं समजावू?

तुम्ही कामठीचे, म्हणून तुमच्याच गावची गोष्ट सांगते. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण खाणींच्या धंद्यात मोठे झाले आणि जाताना आपली संपत्ती तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला मृत्युपत्रानं देऊन गेले. त्यातून १९४२ साली अमरावती रस्त्यावर एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, उभी राहिली, आता तिचं स्वतंत्र विद्यापीठ झालं आहे. ऐंशी वर्षांत तिथून बाहेर पडलेले केमिकल इंजिनिअर त्या दानावरच शिकले. बाबांनी त्यांच्यापैकी कुणाला तरी शिकवलंही असेल. त्यांना हे विचारा.

शिवाय तुम्ही ज्याला दान म्हणता त्यातलं बरंचसं कर्जच असतं, फक्त माणुसकीचं. जमशेदजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट कर्ज-शिष्यवृत्ती देते, म्हणजे शिकून परत फेडायची. फेडलेल्या पैशातून पुढची मुलं जातात. बाबांचा स्वभाव तुम्ही लिहिला त्यावरून त्यांना हे पटेल असं वाटतं.

अर्ज करताना गुणपत्रिका आणि प्रवेशपत्राइतकाच तुमच्या हातचा निबंध महत्त्वाचा असतो. काय शिकायचं, का, आणि परत आल्यावर काय करायचं. इंटरनेटवरचा उचलू नका, वाचणाऱ्यांना तो दोन ओळींत ओळखू येतो. कच्चा मसुदा झाला की लाल पेन आणि तो कागद बाबांपुढे ठेवा, आणि तपासून होईपर्यंत शेजारी बसा.